अडुसष्ट अंश

मे महिन्यात डिचोलीची शाळा रिकामी,
फळ्यावर एप्रिलची तारीख तशीच,
आणि कायतान शिडीवर.
"बाई, हांगा बुराक मारचो पडटलो,"
म्हणून तो माझ्याकडे बघतो
जणू भिंत माझ्या माहेरची आहे.

चिऱ्याची भिंत, हातभर जाड.
ड्रिल आत शिरतं तशी तांबडी पूड उडते
बाकांवर, गुंडाळलेल्या नकाशांवर,
कायतानच्या भुवयांवर.
ज्यांनी ही बांधली
त्यांना पाणी बाहेर ठेवायचं होतं.
आम्ही ते आत आणतोय,
तुळयांना क्लॅम्प मारून,
मुलं जिथे मान वर करून उत्तर आठवतात
नेमकं तिथून.

समितीच्या तीन बैठका झाल्या.
खजिनदार बोर्डेकर म्हणाले,
एवढ्या वर्षांत कुठे काय झालं?
मी वाचनालयाची खोली आठवून दिली.
सत्त्याण्णव साल. मीटरच्या पेटीतला धूर,
पाच कपाटं, मोठा ॲटलास,
सातवी 'ब'ची वर्षभराची चित्रं.
"पण कुणाला इजा नाही ना झाली?"
नाही झाली.
रविवार होता.
त्या महिन्याच्या हजेरीपटात
लाल शाईने उभं लिहिलेलं आहे अजून,
र
वि
वा
र.
मी एवढंच म्हटलं,
रविवारच्या भरवशावर शाळा चालवता येत नाही,
आठवड्यात तो एकदाच येतो.

बोर्डेकरांनी चष्मा पुसला, सही केली.
मुलींच्या संडासाची नवी दारं
पुढच्या वर्षावर गेली.
त्या कागदावर सही माझी आहे.

दुपारच्या पेजेनंतर
कायतानने एक स्प्रिंकलर माझ्या तळव्यावर ठेवला.
पितळेच्या दोन बोटांत धरलेली काचेची कुपी,
शेंगदाण्याहून बारीक,
आत लाल द्रव आणि एक बुडबुडा.
अडुसष्ट अंशांवर फुटते.
मला वाटायचं, सिनेमातल्यासारखे
सगळे एकदम सुटतात.
"ना गो बाई. जो तापता तोच फुटता.
हेर ओगी रावतात."

तीस वर्षं मी लिहून घेतलं,
उष्णतेने द्रव प्रसरण पावतात.
मुलांनी अधोरेखित केलं, पेपरात लिहिलं,
दोन गुण घेतले.
मग पुढे काय होतं, बाई,
असं कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

बांयवरचा पंप सुरू झाला.
काटा चढत चढत चौदावर थांबला,
आम्ही घड्याळ लावून बसलो.
चाळिसाव्या मिनिटाला पाचवीच्या वर्गात
एका जोडावर थेंब धरला.
पडत नव्हता, सुटतही नव्हता.
कायतानने सायबाचं नाव घेतलं, मग दुसरंही काही,
जोड उघडला, सुतळी नव्याने गुंडाळली.
पुन्हा पंप. पुन्हा दोन तास.
त्याच्या धाकट्याचं नाव याच शाळेत घातलंय
हे त्याने तेव्हा सांगितलं,
काट्यावरून नजर न काढता.

शेवटी चाचणीची तोटी उघडली
तर पहिलं पाणी काळं आलं,
तेलाचा वास, लोखंडाचा कीस.
आत उभं राहिलेलं पाणी असंच होतं, म्हणाला,
वर्षातून दोनदा सोडा,
विसरू नका.
मी कॅलेंडरवर खूण केली.
स्टाफरूममध्ये बसून
इतर काय काय उभं राहिलंय आत
त्याचा विचार केला नाही. चहा केला.

शाळा उघडली.
छताखाली लाल पाइप बघून
पहिल्या बाकावरच्या दुर्वा गावसने हात वर केला.
"बाई, हे कधी चालू होणार?"
होऊ नये म्हणूनच लावलंय.
"मग चालतं की नाही, कसं कळणार?"

तिला मी काट्याचं सांगितलं, चौदाचं,
काळ्या पाण्याचंही.
तिचा हात अर्धाच खाली आला.
वरच्या कुपीत बुडबुडा होता तिथेच होता.
मी हजेरीपट उघडला.
अडतीस नावं, दोन गैरहजर.
सोमवार.